खिडकीतली दोन बुचं

१९ जानेवारी, रविवार सकाळ

काल शरदकडे आम्ही चार मित्र जेवायला होतो. गेल्या गेल्या दिसलं ते म्हणजे खिडकीत वाईनच्या बाटल्यांची दोन बुचं. म्हटलं, आज थाट आहे!

पहिल्यांदा कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही आलं. मला वाटलं, हेच जेवण. तीन भाकऱ्या चेपल्या. मग शरदची बायको, वैजूवहिनी, भरली वांगी घेऊन आल्या. "सावकाश जेवा, मागनं मटण हाय." मेलो! दोन दिवस खपल्या होत्या त्या, आणि माझ्या पोटात जागाच नाही.

वहिनींनी माझ्या ताटाकडं एकदाच पाहिलं. "मटण थांबू द्या की. दुसरी बाटली आत्ताच उघडलीय, तिला जरा वारा लागून चव खुलू दे," म्हणत सगळ्यांना गच्चीवर नेलं. तासभर गप्पा झाल्या. खाली आलो तर मला चक्क भूक! आणि काय ते मटण, काय ती लाल वाईन!

आत्ता दात घासताना ती बुचं आठवली. मी पोचलो तेव्हाच दोन होती. म्हणजे दुसरी बाटली तर आधीच उघडलेली होती...

फोन करून सांगू का वहिनींना, की कळलं म्हणून? नको. माझं भरलेलं पोट त्यांनी इतक्या मायेनं झाकलं, ते मी कशाला उघडं करू?