नकारघंटेची खुर्ची

३ जून, सोमवार

गेले! म्हणजे पोचले, बसले, आणि दिवसभर तोंडातून शब्द फुटला नाही.

काय ती शांतता! लोकांचे पैसे सांभाळून ते कंपन्यांमध्ये गुंतवणारी फर्म म्हणजे आरडाओरडा, दोन्ही कानांना फोन, असं काहीतरी मला वाटत होतं. इथे माणसं वाचत बसतात. नुसती वाचतात! मध्येच कुणीतरी उठून खिडकीपाशी जातं, बाहेर बघतं, परत येऊन वाचायला लागतं. आणि याचा पगार मिळतो.

आम्ही दोन इंटर्न. दुसऱ्याचं नाव मी मनातल्या मनात प्रोफेसर ठेवलंय, कारण प्रश्न संपायच्या आत त्याचं उत्तर तयार असतं. जुलैअखेर दोघांपैकी एकालाच कायम करणार. हे मॅडमनी पहिल्या पाच वाक्यांतच सांगून टाकलं. मॅडम म्हणजे इथल्या सर्वेसर्वा.

घरी आल्यावर आई— काय करायचं असतं गं तिथे? म्हटलं, वाचायचं. मग घरीच वाचलं असतंस की, म्हणाली.

६ जून, गुरुवार

दर गुरुवारी मीटिंग. एक जण एखादी कंपनी मांडतो, बाकीचे त्याला सोलून काढतात, मग तिचे शेअर घ्यायचे की नाही यावर हात वर. टेबलाच्या टोकाला एक खुर्ची आहे. तिच्यावर जो बसेल त्याने नाही म्हणायचं. मनातून पटलेलं असलं तरी! जीव ओतून नाही म्हणायचं. तिथे जोखीम विभागाचे प्रमुख बसतात. अख्खं ऑफिस त्यांना पाठीमागे नकारघंटा म्हणतं. मला वाटतं त्यांनाही ते ठाऊक आहे.

आज मॅडमनीच आणलेल्या एका कंपनीची त्यांनी पार चिरफाड केली. हळू आवाजात, समोरचा पाण्याचा ग्लास सरळ करत करत. मला वाटलं, आता ठिणगी पडणार. मॅडम शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरोबर. माझं चुकलं. सोडून देऊ." आणि पुढचा विषय घेतला. झालं!

एवढ्या मोठ्या बाईने चारचौघांत असं म्हणावं, आणि काही म्हणजे काही होऊ नये! आमच्या काकांनी आम्हाला चुकीच्या बसमध्ये बसवलं होतं तेव्हासुद्धा चूक बसची होती.

११ जून

फतवा निघाला— पुढच्या मीटिंगपासून त्या खुर्चीत इंटर्न बसणार, आळीपाळीने. म्हणजे मी!! शेजाऱ्यांची झाडं, मावशीची मांजर, चुलतभावाचा कॉलेजचा प्रकल्प, सगळं माझ्या गळ्यात पडतं ते मला नाही म्हणता येत नाही म्हणूनच ना!

२० जून, गुरुवार

फजिती. बाटल्यांची झाकणं बनवणारी कंपनी होती. सगळे खूश. मी खुर्चीत. घसा साफ केला आणि म्हणाले, "थोडी काळजी घ्यावी असं आपलं मला वाटतं." प्रोफेसर फिस्सकन हसला. नकारघंटा हसले नाहीत. म्हणाले, हा हवामानाचा अंदाज झाला, नकार कुठे आहे?

२३ जून, रविवार

काका आले होते. त्यांच्या ओळखीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात जागा आहे. ऑगस्टपासून, कायमची. तुझ्या त्या उमेदवारीचं काही खरं नाही म्हणाले. हो कळवू ना त्यांना? आई माझ्याकडे बघत होती. आशेने.

हो म्हणाले. निघूनच गेलं तोंडातून.

आता फर्मने नाही घेतलं तर जन्मभर ट्रकच्या फेऱ्या टिपत बसेन. आणि घेतलं तर काकांना कुठलं तोंड दाखवू? स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटतेय.

६ जुलै, शनिवार

परवाच्या गुरुवारची मीटिंग रद्द झाली, आता पुन्हा माझी पाळी येतेय. या वेळी गाद्या बनवणारी कंपनी. गावोगाव चकाचक शोरूम उघडतेय, आणि ऑफिसात सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलंय. मला नकार काही सुचेना. म्हणून आज अशाच एका शोरूममध्ये जाऊन बसले, ताईसाठी गादी बघतेय म्हणून. मला ताई नाही.

गर्दी भरपूर! लोक येतात, बूट काढून आडवे होतात, कुशी बदलून बघतात. एक काका तर चक्क घोरायला लागले, आणि बायको शरमेने उशांचे भाव विचारत राहिली. पण मग उठतात, गुपचूप लेबलचा फोटो काढतात, "विचार करून सांगतो" म्हणतात आणि जातात. एकामागून एक. विकणारा मुलगा प्रत्येक वेळी चादर नीट करतो. एकदा मी न राहवून विचारलं, परत येतात का हो? म्हणाला, फोटो घरी नेतात आणि फोनवरून दुसऱ्याची स्वस्त गादी मागवतात, मॅडम.

मला कुणीतरी पहिल्यांदाच मॅडम म्हणालं.

११ जुलै, गुरुवार

बोलले! शोरूम हे दुकान नाही, लोकांना फुकट झोपायची सोय आहे, म्हणाले. घोरणारे काका सांगितले. सगळे हसले, पण या वेळी माझ्यावर नाही. नकारघंटांनी एकच विचारलं, तुम्ही स्वतः झोपून पाहिलंत का? हो म्हणाले. झोप लागली? म्हटलं, लागत होती सर, म्हणूनच उठले.

ठरलं काय, तर शेअर घ्यायचे, पण ठरवले होते त्याच्या निम्मेच. निम्मे! माझ्या एका शनिवारामुळे! ज्यांच्यासमोर पाणी मागायची मला भीती वाटते त्या माणसांनी माझं ऐकून बेत बदलला. रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्या वेगळ्याच दिसत होत्या. प्रत्येक दारामागे काय चाललं असेल, कोण घेतंय, कोण नुसतं बघून जातंय! मला हेच काम करायचंय. हेच.

२५ जुलै, गुरुवार

आजच्या मीटिंगचा विषय— आम्ही! आधी प्रोफेसरला घ्यावं का, मग मला घ्यावं का. आणि त्या खुर्चीत ज्याचा त्याने बसायचं. स्वतःविरुद्ध!

प्रोफेसर म्हणाला, माझा दोष असा की मी कामात स्वतःला फार झोकून देतो. मॅडमनी घड्याळ बघितलं.

मीही असलंच काहीतरी गुळगुळीत पाठ करून गेले होते. पण बसले, आणि समोर नकारघंटा ग्लास सरळ करताना दिसले. पाठ केलेलं सोडून दिलं.

"हिला नाही म्हणता येत नाही," मी म्हणाले. "ऑगस्टपासून दुसऱ्या एका नोकरीला हिने हो म्हणून ठेवलंय. हिला इथेच राहायचंय हे तिकडे माहीत नाही, तिकडचं इथे माहीत नव्हतं. उद्या एखादा मालक गोड बोलला की ही त्यालाही हो म्हणेल. पैसे लोकांचे आहेत. हिला घेऊ नये."

मग आम्हाला बाहेर पाठवलं. प्रोफेसर म्हणाला, वेड लागलंय का तुला? सोमवारी कळवणार आहेत.

नोकरी बहुतेक हाताने घालवली. आणि तरी— बोलताना क्षणभर मला मी लख्ख दिसले. घाबरले नाही. दोन महिन्यांपूर्वी हे जमलं असतं?

२६ जुलै

काकांना फोन केला. म्हटलं, मी येत नाही. फर्मचं अजून काही कळलेलं नाही, तरीही नाही. ते भडकले. मी शब्द दिलाय, माझ्या शब्दाला काय किंमत राहिली?

"माझं चुकलं, काका. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं."

मग फोन ठेवला त्यांनी. आई जेवायला वाढते, पण बोलत नाही. हातात आता काहीच नाही.

२९ जुलै, सोमवार

फोन नकारघंटांचा!

"तुमचा मुद्दा सगळ्यांना पटला," म्हणाले. "मॅडमनासुद्धा. एकाचाही हात वर नव्हता." मी फोन दुसऱ्या कानाला नेला. "सगळेच नाही म्हणताहेत म्हटल्यावर माझं काम काय उरलं? मी हात वर केला. तासभर भांडलो. माझ्या विभागात जागा आहे, एक तारखेपासून या."

हो अगदी ओठांवर आलं होतं. आई दारात उभी राहून ऐकत होती.

"विचार करून सांगते, सर."

मग— "लेबलचा फोटो काढलात वाटतं?" आणि हसले. नकारघंटा हसतात!

उद्या हो म्हणणार आहे. आज नाही.