बदाम राजाच्या मिशीसह माझ्या सर्व मिळकतीची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, धंदा पत्त्यांच्या छापखान्यात ठसे कोरणे (आता डोळ्यांमुळे बंद), लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. शेजारी राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाचे, म्हणजे दादाचे, मत वेगळे आहे. पण ते नेहमीच वेगळे असते. कोणी भरीस घातले म्हणून नव्हे, तर माझ्या मनाने मी पुढील व्यवस्था करीत आहे.

१. घर. माझ्या वाटणीचे अर्धे घर मुलीला. मधली भिंत घातली तेव्हा पुढच्या खोलीतला दिवा माझ्याकडे आला आणि त्याचे बटण दादाकडे गेले. तेव्हापासून अंधार पडला की दादा माझा दिवा लावतो, आणि मी भिंतीवर वाटी वाजवली की मालवतो. बोलणे नाही, पण एकही संध्याकाळ चुकलेली नाही. मुलीने वायरमन आणून यात सुधारणा करू नये.

२. बँकेतली शिल्लक मुलीलाच. फार आशा धरू नये.

३. हत्यारे. सगळ्या कोरण्या चौकातल्या रबरी शिक्के करणाऱ्याला द्याव्यात. जावयांना एकही देऊ नये. माझ्या सर्वांत बारीक कोरणीने त्यांनी रंगाचा डबा उघडला होता, आणि वर मलाच म्हणाले, "मामा, हिला धार नाही हो."

४. मिशी. बावन्न पानांत राजे चार. तिघांना मिशी, बदामवाल्याला नाही. लोकांना वाटते तो तरुण असेल. तरुण कसला! पूर्वी त्यालाही मिशी होती आणि हातात कुऱ्हाड होती. मग एका कारागिराने दुसऱ्याची नक्कल केली, तिसऱ्याने त्याची, आणि या नकलांत मिशी झिजली, कुऱ्हाडीचे पाते चौकटीबाहेर गेले. आता बिचारा स्वतःच्याच डोक्यात तलवार खुपसून उभा असल्यासारखा दिसतो. मी उभी हयात हीच चूक इमानाने कोरली. शेवटी राहवले नाही. मी त्याला मिशी दिली. कुऱ्हाडीला हात लावला नाही. एका वेळी एकच सुधारणा करावी.

माल परत आला. गिऱ्हाइकांचे म्हणणे, राजा ओळखीचा वाटत नाही, म्हणजे पत्ते नकली. छापखाना आम्हा दोघांचा, गिऱ्हाईक दादा सांभाळी. तो ओरडला, "अरे, लोक पत्ते खेळायला घेतात, राजाला जावई करून घ्यायला नाही!" मी म्हणालो, "मग तूच मिशी काढून बाजारात जा, बघू कोण ओळखतं." दुसऱ्या दिवशी पाहतो तो ठशावरची मिशी गायब. दादाने मला न विचारता कानशीने राजाची हजामत केली होती. त्याच महिन्यात भिंत उभी राहिली.

ती मिशी राजाला शोभत होती. हे दादाने एकदा माझ्या तोंडावर म्हणावे, एवढीच इच्छा उरली आहे. वकील म्हणतात, असे काही मृत्युपत्राने मिळत नाही.

५. परत आलेल्या मालातले, पलंगाखाली ठेवलेले मिशीवाले पत्त्यांचे कॅट मुलीने खेळणाऱ्यांना फुकट वाटावेत. कोणी नकली म्हणाल्यास त्याच्या हातातून काढून घ्यावेत.

६. दादाला काहीही नाही. इस्पिकचा एक्का इतर एक्क्यांपेक्षा थोराड असतो, कारण पूर्वी सरकार पत्त्यांवर कर घेई आणि त्याचा शिक्का त्या पानावर बसे. दादाचा मोठेपणा तसलाच, आधी जन्मला म्हणून शिक्का बसला. पण त्याला काही न ठेवण्याचे कारण हे नव्हे. वकिलांनी बजावले, "काका, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नका. त्याच्या बायकोलाही काही ठेवू नका." आणि साक्षीदाराने मी सही करताना समोर बसून पाहावे लागते, भिंतीपलीकडून चालत नाही. म्हणून मी दादाला साक्षीदार केले आहे. त्याला दारातून आत यावे लागेल.

वहिनी परसातल्या भिंतीवरून म्हणाल्या, "भाऊजी, हे येतील, पण बोलायचे नाहीत." मी म्हटले, सही पुरे. वहिनींना माझे भिंग हवे होते ते तेव्हाच हातात दिले आहे. ते वारशात धरू नये.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

स्थळ : माझी पुढची खोली
दिनांक : चार मार्च
(सही)

साक्षीदार पहिला : कोपऱ्यावरच्या दवाखान्याचा कंपाउंडर. (सही)

साक्षीदार दुसरा : थोरला भाऊ. (सही)
समोर बसून पाहिले. लिहिणारा शुद्धीवर आहे. हट्टी आहे, ते वेगळे. मजकूर मी वाचलेला नाही. तरी कलम चारमध्ये 'कानशीने' लिहिले आहे ते चूक आहे. पॉलिश पेपरने हळूहळू घासली, कानशीने राजाचा गाल गेला असता. मिशी मला आवडली होती. माल परत यायला लागला तसा घाबरलो. इथली खुर्ची डुगडुगते, उद्या येताना माझी घेऊन येतो.