लाल नखांची कालवं

२७ एप्रिल

टक्. टक्-टक्. टक्.

दुपारी पडल्या पडल्या कानात तोच आवाज. करंज्याच्या शाळेत होतो तेव्हाचा. ओहोटीला बायका खडकावर बसून लोखंडी टोच्याने कालवं फोडायच्या, आणि तो ठेका खिडकीतून वर्गात यायचा. मुलं त्याच तालावर कविता म्हणायची! नेमणूक माझी शास्त्राला, पण मराठीचा तास रिकामा दिसला की मी मागून घ्यायचो. — खाली फरशी कापायचं मशीन सुरू झालं, आणि गेला तो आवाज.

कालव मात्र जन्मात चाखलं नाही. पर आणि खवले नसलेलं पाण्यातलं काही आम्हां बेने इस्रायली ज्यूंच्या ताटात येत नाही. आणि आमची नात ओर्ली एम.एस्सी.ला कालवंच घेऊन बसली आहे!

३० एप्रिल

आज जेवताना तिने सगळं समजावून सांगितलं. बाहेरच्या खडकावर लाटा आपटतात — तिथलं कालव बुटकं, जाड शिंपेचं, दगडाला घट्ट चिकटलेलं. खाडीच्या आत पाणी शांत — तिथलं लांब, मोठं, शिंप पातळ. प्रश्न एवढाच : धरून राहण्यातच सगळी ताकद गेली, तर अंड्यांना काय उरतं? "मार खाणाऱ्याला पिल्लं कमी होतात का, नाना?" पावसाच्या तोंडावर ती अंडी सोडतात, तेव्हा पाणी दुधाळ होतं म्हणे. तोवर दोन्हीकडची खुणेची कालवं टिकली पाहिजेत. नाहीतर वर्ष फुकट.

मी म्हटलं, बाहेरचा समुद्र भुजंगप्रयात म्हणतो, खाडी ओवी म्हणते. "छान आहे, पण थिसिसमध्ये नाही घालता येणार!"

रोनेन — माझा मुलगा, तिचा बाप — इस्रायलमधल्या अश्दोदहून दर फोनला तेच : "जमत नसेल तर इकडे ये. इथे समुद्र नाही का?" वर्ष गेलं तर ती जाईल. मग या घरात मी आणि घड्याळ. तिला हे बोललेलो नाही. इथेच लिहितो.

२ मे

खुणेसाठी नेलपॉलिश आणलं. बाहेरच्यांना लाल, आतल्यांना हिरवं. दुकानातली मुलगी — "कुणासाठी, आजोबा?" "कालवांसाठी."

५ मे

करंजा. ओर्लीने खाडीत हिरवी रंगवली, मग बाहेर लाल. माझं काम छत्री धरायचं. उठतो तर मागे टोच्या घेऊन दमयंती! हिचा मुलगा नीलेश माझ्या वर्गात होता. केस पांढरे, जीभ तीच.

"मास्तर, तुमी अजून हाय? — आनि ही नखं कोनाची रंगवली? लगीन हाय काय कालवांचं?"

म्हटलं, दमयंती, लाल तेवढी सोड. पाऊस लागेपर्यंत.

"तुमी खात नाय म्हनून आमीबी नाय खायचं? ह्यो माज्या सासूचा खडक."

ओर्ली अभ्यासाचं सांगायला गेली, तर "पोरी, तुजा अभ्यास, माजं कालवन!"

मी आपला विषय बदलला. पनवेलला ये कधी चहाला. वडाळे तळ्याजवळ कुणालाही नाथनमास्तर विचार.

"तुमच्या घरात कालवं चालत नाय. रिकाम्या हातानं येऊन काय करू?"

आणि आमच्या देखत टक्! — लाल नखाचं एक फोडलं, मांस डब्यात, शिंप माझ्या पायाशी. ओर्ली रस्ताभर वहीत उरलेली लाल पुन्हा पुन्हा मोजत होती. मी मात्र मनातल्या मनात तो ठेका मोजत होतो. असा मी.

१० मे

शब्बाथ, लिहिणं वर्ज्य. तीन तारे दिसले, शब्बाथ सुटला, तेव्हा पेन उचललं. लिहिण्यासारखं काही नाही.

१८ मे

त्या एकाशिवाय सगळी लाल जागेवर! दमयंती पार दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून. हाक मारली. वळली नाही.

२२ मे

ओर्ली एकटीच जाऊन आली. चप्पलसुद्धा न काढता खुर्चीत बसली. जेटी वाढवायचं काम अचानक सुरू झालंय. बाहेरच्या खडकावर डंपर दगड ओततायत, जवळ जाऊ देत नाहीत. "हिरवी आहेत ना?" विचारलं. "तुलना कशाशी करू, नाना?" बरोबर आहे. एका ओळीने यमक होत नाही.

२३ मे

रोनेनशी बराच वेळ बोलली. मग बॅग मागितली. कपाटावरून मीच काढून दिली. पुसूनसुद्धा दिली! तिने तळाशी माझा जुना मायक्रोस्कोप आणि काचपट्ट्या ठेवल्या, वर स्वेटर. "आठवण म्हणून नेऊ ना?" ने म्हटलं.

२५ मे

सकाळी बेल. दारात दमयंती, हातात बादली, वर ओलं गोणपाट.

"चार दिसांमागं, मशीन यायच्या आदी फोडून आनली. खाऱ्या पान्यात ठेवलीत. माजा खडक गेला, मास्तर... रिकाम्या हातानं नाय आली. चालंल ना घरात?"

गोणपाट उचललं. खडकाचे तुकडे, आणि त्यांवर लाल नखं! बादली उंबरठ्याच्या आत मीच ओढली. ओर्ली धावत आली, वाकली, आणि वाकलेलीच राहिली. पाणी दुधासारखं पांढरं होत होतं.

"नाना, मायक्रोस्कोप! बॅगेत आहे, तळाशी!"

सगळी बॅग पलंगावर उपडी केली.