पाहुण्याचा गॉगल

आबा, परवा मी परीक्षा दिली. पन्नाशीत. मांजरसुंब्यापलीकडच्या आपल्या डोंगरात पाहुण्यांना फिरवणाऱ्यांसाठी आता रीतसर प्रशिक्षण असतं. शाळेत माझ्याकडे संस्कृत शिकणारी मुलं फारशी उरली नाहीत, म्हणून सुट्टीच्या दिवशी हेही करावं म्हटलं. वर्गात बसलो की तुम्ही हसताना दिसता. ‘दगडाला संस्कृतात काय म्हनतेत रं?’ तुम्ही विचारायचात. मी शिला, पाषाण, अश्म, उपल असं सुरू करायचो, आणि तुम्ही मेंढरांकडं बघत म्हणायचात, ‘एका दगडाला एवढी नावं. म्हनून पंडिताला कामाला येळ न्हाई.’

प्रशिक्षणात शिकवतात ते बरंचसं तुमचंच आहे. आपण सगळ्यांच्या मागे चालायचं. मोर पाण्यावर असले तर थांबायचं. आणि पाहुण्याचं काहीही डोंगरात राहू द्यायचं नाही. मेंढरं राखता राखता तुम्ही पाहुण्यांना डोंगर दाखवायचात आणि लोकांच्या बाटल्या, पुड्या धोतराच्या सोग्यात गोळा करून आणायचात. आई म्हणायची, ‘आलं बगा आमचं भंगार.’ त्याच रीतीपायी तुम्ही एका पाहुण्याच्या गॉगलसाठी धबधब्याच्या कड्यावरून खाली उतरलात. मी तेव्हा बीडला कॉलेजात. गॉगल दुसऱ्या दिवशी सापडला, तुमच्या जवळच. त्याची एक काच आधीपासूनच तडकलेली होती, असं तो पाहुणाच रडत सांगत होता.

इथे शिकवतात, वस्तू पडली तर उतरायचं नाही. नंतर दोघांनी यायचं, झाडाला दोर बांधायचा, मग काढायची. डोंगरही स्वच्छ राहतो, माणूसही राहतो. एक दोर, आबा. आपल्या गोठ्यात खुंटीला ढीगभर लटकत होते.

परीक्षा नेमकी त्याच कड्यावर. प्रशिक्षक बाईंनी मुद्दाम आपली टोपी खाली टाकली, तोंड बारीक केलं आणि म्हणाल्या, ‘आणून देता का हो?’ इथं चुकलं तर पाहुणे न्यायची परवानगी नाही. शब्दांची एवढी चळत पाठ असलेला तुमचा पंडित कड्याच्या काठाशी गेला. मी खाली बघत राहिलो. मग म्हणालो, ‘राहू द्या. वर या.’

बाई म्हणाल्या, ‘पास आहात, सर. पण “वर या” कुणाला? खाली तर कुणी गेलंच नव्हतं.’

चुकून आलं तोंडात, असं मी सांगितलं.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून लिहितो. चुकून नव्हतं.