कुईं की घूं

ती. दादांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे, साखर आणि वहिनींचा राग हे तिन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. कानातलं यंत्र काय म्हणतंय? (मागे सगळ्यांच्या देखत मी ‘दादांनी कानात रेडिओ बसवलाय, बातम्या लागतात का विचारा’ असं म्हणालो होतो, ते तुम्ही मनावर घेतलं नसेलच. घेतलं असेल तर निदान हे पत्र पुरतं वाचेपर्यंत बाजूला ठेवावं.) फोन न करता पत्र लिहितोय, कारण हल्ली फोनवर आपलं बोलणं धड होत नाही. तुम्ही फार हळू बोलता. यंत्र लावल्यावर माणसाचा आवाज बसतो की काय, कोण जाणे. आमच्याकडे सगळं ठीक. शाळेत यंदा माझा वर्ग इतका शांत असतो, की मुख्याध्यापक दोनदा स्वतः दारात येऊन बघून गेले. तीस वर्षं भाषा शिकवल्याचं फळ, दुसरं काय.

तर गाडीबद्दल. तुम्ही गाडी चालवणं सोडलंत आणि ती माझ्या अंगणात आणून उभी केलीत, तेव्हा किल्ली देताना म्हणाला होतात, “जुनी आहे, पण गुणी आहे. हिचं ऐकत जा.” तुमच्या एका बाजूला गाडी होती आणि दुसऱ्या बाजूला माझी बायको. तुमचा रोख नक्की कोणाकडे होता हे मी तेव्हा विचारलं नाही, आणि नंतर दोघींपैकी कोणाचंच ऐकलं नाही. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

तीन महिन्यांपूर्वी ही म्हणाली, पुढच्या चाकातून ‘कुईं’ असा आवाज येतोय. मी कान देऊन ऐकलं. कुईं वगैरे काही नव्हतं. मागून ‘घूं’ असा आवाज मात्र येत होता, वेग वाढला की वाढायचा. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, घूं आहे तो आहेच, पण कुईं निराळा. मी म्हणालो, एका गाडीला एका वेळी एकच आवाज पुरे. (तुम्ही हसाल, पण वर्गात हाच नियम मी तीस वर्षं चालवलाय.) त्यावर ती म्हणाली, “माझ्या बोलण्याकडे लक्षच नसतं तुमचं,” आणि खिडकीबाहेर बघत बसली. हे वाक्य गेल्या दोन वर्षांत तिने इतक्यांदा म्हटलं होतं, की मला ते स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीसारखं झालं होतं. शिट्टीवरून आठवलं, आमचा कुकरही हल्ली शिट्टी देत नाही. नवा आणायचा म्हणतोय.

वाद मिटवायचा म्हणून मी शास्त्रोक्त तपासणी केली. आधी डिकी रिकामी केली. तिच्यात तुमची एक छत्री, वहिनींची दोन पातेली आणि कसलीशी खुर्चीची तंगडी निघाली. (पातेल्यांची चौकशी झाली असेल तर ती सुखरूप आहेत.) मग हिला गाडी चालवायला बसवली आणि मी गल्लीतून चाकाशी कान नेऊन, एका हाताने दाराची खिडकी धरून, कमरेत वाकून शेजारून धावलो. समोरच्या बिऱ्हाडातल्या आजींना वाटलं, बायको घर सोडून चाललीय आणि मी गयावया करतोय. त्या बिचाऱ्या मध्ये आडव्या उभ्या राहिल्या आणि हिला म्हणाल्या, एवढ्या वेळेस माफ कर. हिने मान डोलावली आणि माझ्याकडे असं बघितलं, की खरंच काहीतरी माफ होतंय.

शेवटी गॅरेज गाठलं. मेकॅनिक शांत माणूस, बोलतो थोडं. आवाज काढून दाखवा, म्हणाला. आता भाषेच्या शिक्षकाला हे विचारणं म्हणजे आगीत तेल. मी त्याच्या शटरवर खडूने करकर, कुरकुर, किरकिर, खडखड, खुळखुळ आणि घरघर असे शब्द ओळीने लिहिले आणि प्रत्येकातला फरक अर्धा तास समजावला. तो म्हणाला, एवढे आवाज एका गाडीतून निघाले तर तो गॅरेज बंद करून शेती करेल. त्याचा हिशेब साधा होता: घूं म्हणजे चाकाचं बेअरिंग, कुईं म्हणजे ब्रेकचे पॅड. तुम्हाला कुठला येतो? मी म्हणालो, घूं. ही म्हणाली, दोन्ही. तो म्हणाला, मग पुढची चाकंही उघडून बघतो. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, राहू द्या, भासावर औषध नसतं. ही सगळी चूक माझी, हे आधीच कबूल करून ठेवतो.

त्याने मागचं बेअरिंग बदललं आणि घूं गेला. मला गाडीत इतकी शांतता लाभली, की मी गुणगुणायला लागलो. ही म्हणाली, आता कुईं जास्तच स्पष्ट येतोय. मी म्हणालो, हरलेल्या माणसाने कुईंकुईं करू नये. (दादा, हा विनोद तेव्हा मला फार आवडला होता.)

पाचव्या दिवशी शाळेच्या उतारावर ब्रेक दाबला. ‘खर्रर्र’ असा आवाज आला, तो मलाही आला, यावरून तो केवढा असेल बघा. गाडी जिथे थांबायची तिथे थांबली नाही. फाटकाशी शिपाईमामांचं स्टूल असतं, ते चिरडून थांबली. शिपाईमामा मिनिटभर आधी घंटा द्यायला उठले होते. ते धावत आले आणि उलट मलाच पाणी दिलं. घंटेला मिनिटभर उशीर असता तर हे पत्र मी तुम्हाला लिहिलं नसतं, कोणालाच लिहिलं नसतं.

मेकॅनिकने पुढचं चाक काढलं. पॅड झिजून संपला होता, नुसता पत्रा उरला होता. त्याने पॅडला असलेली एक बारीकशी पट्टी दाखवली. म्हणे, पॅड झिजत आला की ही पट्टी चकतीला घासून ओरडते, मुद्दाम तेवढ्यासाठीच बसवलेली असते. म्हणजे तीन महिने ती ओरडत होती. मी म्हणालो, पण मला कसा नाही आला आवाज? तो पट्टी हातात घेऊन खाली बसला आणि विचारलं, आता येतो का? मी मागेपुढे न बघता म्हणालो, हो, आता येतो. ही म्हणाली, “अहो, त्यांनी अजून घासलीच नाहीये.” मग त्याने घासली. हिने दात आवळले, पलीकडे स्कूटर पुसणाऱ्याने खांदे आक्रसले, बाकावरचं कुत्रं उठून गेलं. आणि मी एकटा प्रसन्न चेहऱ्याने उभा होतो, आता घासेल मग घासेल म्हणून.

मला वाटलं, ही आता तीन महिन्यांचं सगळं उट्टं काढणार. ती जवळ आली, माझ्या चांगल्या कानाशी (तिला कोणता ते माहीत होतं, मला नव्हतं) आणि एवढंच म्हणाली, “म्हणजे तुम्ही दुर्लक्ष करत नव्हता.” तिचे डोळे भरले होते. दादा, दोन वर्षं ही बाई मानत होती की माझं तिच्याकडे लक्ष नाही. मला फार वाईट वाटलं. आवाज नाही असं म्हणत होतो तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो, पण मेकॅनिकला ‘हिला भास होतो’ असं म्हणालो ते खोटंच होतं.

आता गाडीला पॅड नवे आहेत. शिपाईमामांना आमच्या घरातली पाठ असलेली खुर्ची दिली. ती त्यांना स्टुलापेक्षा आवडली. वहिनींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (ऐकू आलेल्या आज्ञांपुरता)
धाकटा भाऊ

ता. क. तुम्ही ते यंत्र कोणत्या डॉक्टरांकडून बसवलंत? पत्ता कळवा. शक्य झालं तर माझ्याबरोबर चला. मला एकट्याला तिथे बसायची लाज वाटते. रेडिओचं बोललो त्याची माफी मागतो, सगळ्यांच्या देखत मागायलाही तयार आहे.

आणखी ता. क. मुख्याध्यापक वर्गाशी आले होते ते शांततेमुळे नव्हे. काल त्यांना विचारलं. माझ्या वर्गाच्या गोंगाटाने शेजारचे दोन वर्ग बंद पडले होते. कुकरही बहुधा चांगला असावा. आणि तुम्ही फोनवर हळू बोलत नव्हता.

ती. भावजींना सा. न. पत्र पाकिटात घालताना मी वाचलं. तुम्हाला विचारून डॉक्टरांची गुरुवारची अकराची वेळ घेतली आहे आणि तुम्ही सोबत येणार आहात, हे मी यांना दोनदा सांगितलं. दोनदा ‘हो’ म्हणाले. आता लिहूनच दाखवते. डिकीतली पातेली मात्र परत मागू नका म्हणावं वहिनींना, ती माझीच आहेत.