पहिल्या वर्षाचं कारण

सोमवार, ३ जून

पदवीच्या पहिल्या वर्षी काठावर पास झालेली मी खरी, की शेवटच्या वर्षी वर्गात पहिली आलेली? विभागाच्या पदव्युत्तर प्रवेश समितीत विद्यार्थ्यांतर्फे माझी निवड झाली, तेव्हा मोठ्या बाईंनी — विभागप्रमुखांना सगळे हेच म्हणतात — हसत हसत विचारलं.

घरी मात्र आनंदीआनंद! आमच्याकडे माझ्याआधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलेलं नाही. आई म्हणाली, "म्हणजे आता तू लोकांना आत घेणार?"

हो. आणि न्यायाने घेणार!

बुधवार, ५ जून

पहिली बैठक. आम्ही चौघं — मोठ्या बाई, सांख्यिकीचे सर, प्रयोगशाळेच्या मॅडम आणि मी. बाई गुणपत्रकावर लाकडी पट्टी ठेवतात. फक्त पहिलं सत्र उघडं. सर पुढच्याचा अंदाज सांगतात, मग पट्टी एक ओळ खाली. चुकले तर चहा त्यांचा. आकडे वाढत गेले की मॅडम ओरडतात, "चढली, चढली!" — जणू म्हैस जिना चढतेय.

मी विचारलं, सुधारलेल्या गुणांना वजन किती देतो आपण?

सर म्हणाले, "आधी बघायचं, चढ खरा आहे की सोपे विषय घेतलेत. मग बघायचं, आधी गुण खाली का होते. अपघात, आजारपण, मरण — काहीतरी लागतं. नुसतं सुधारलं म्हणून भागत नाही."

मग माझ्याकडे बघून, "तुझ्या वेळी मी चहावर चहा हरलो! पण तुझ्या वडिलांचा पाय होता ना. म्हणून तर घेतलं तुला."

सगळे हसले. मीही हसले.

गुरुवार, ६ जून

बाबांना सांगितलं. तेही हसले, खदाखदा. "म्हणजे यंत्रात गेला तो अगदीच वाया नाही गेला!" कुबडी घेऊन पाण्याला उठले. मी आणते म्हटलं तर — "बसा, समितीवाल्या बाई."

शनिवार, ८ जून

शेवटच्या जागेसाठी एक मुलगी अडकली आहे. पहिल्या वर्षी माझ्याहून वाईट. शेवटी माझ्याहून कितीतरी वर, आणि तेही अवघड विषय घेऊन! अर्जात कारण मात्र लिहिलेलं नाही. बाई म्हणाल्या, "तू फोन कर. तुझ्याशी बोलेल."

"कारण काहीच नाही, ताई. मला काही कळत नव्हतं. मग कळायला लागलं."

मी आवाज हळू करून विचारलं, घरी कुणी आजारी वगैरे? आठवून बघ ना जरा.

"नाही हो, सगळे ठणठणीत आहेत. उगाच कुणाला कशाला आजारी पाडू?" आणि हसली. मोकळं, छान.

किती खरी मुलगी! भांडणार मी तिच्यासाठी.

रविवार, ९ जून

ते हसू डोक्यातून जात नाही.

सोमवार, १० जून

माझ्या अर्जात बाबांच्या पायावर अख्खा परिच्छेद होता. त्यांनीच शेजारी बसून सांगितला — यंत्राचा आवाज, रक्त, दवाखान्यातला वास. "नीट लिही. त्यांना दिसलं पाहिजे." सांगता सांगता त्यांना घाम फुटला होता. तरी थांबू देईनात.

ही पोरगी 'काहीच नाही' म्हणून आत आली, तर ते सगळं मी कशाला मांडलं त्या टेबलावर?

मंगळवार, ११ जून

बैठकीत तिचं उत्तर शब्दशः सांगितलं. सर म्हणाले, "म्हणजे ट्यूब उशिरा पेटली!" ते विरोधात. मॅडम तिच्या बाजूने — "निदान रडगाणं तरी गायली नाही."

बाईंनी पट्टी माझ्याकडे सरकवली. "तुझ्यासारखीच आहे. उद्या तू सांगशील ते करू."

बुधवार, १२ जून

सकाळीच गेले. पट्टी तिच्या गुणपत्रकावर ठेवली, फक्त पहिलं वर्ष उघडं राहील अशी. आणि म्हटलं, "नको."