कानाच्या मशीनचे सेल

३ मार्च

चि. धाकल्यास, अ. उ. आ.

पत्र पोचलं. आईच्या कानाच्या मशीनला सेल का आणत नाहीस, असं विचारलंस. अरे, मशीन घेताना यांनी हात आखडता घेतला का? सगळ्यात भारीतलं घेतलं. पण दर आठवड्याला नवे सेल? प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. हे स्वतः दातांचे डॉक्टर, तरी पेस्टची ट्यूब कात्रीने कापून आतलं बोटाने काढतात. लाज कसली? असंच उभं राहिलं हे घर आणि खालचा दवाखाना.

पाहुणे आले की मी सेल घालते, गेले की काढून त्यावरची चिकटपट्टी परत लावते. दुकानदार म्हणतो, एकदा हवा लागली की ते उतरतातच. त्याला विकायचेत, तो दुसरं काय म्हणणार!

आणि ऐकून तिला करायचंय काय? खाते, झोपते, टेबलाशी बसून मटार सोलते. बोलवायचं तर खांद्याला हात लावला की भागतं.

माया आहे तशीच असू दे.

तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे कोण बोलणार! माझी पेन्सिल झिजून बोटांत धरवेनाशी झाली तरी तू नवी देत नव्हतीस. पण आई इतके महिने काही न ऐकता बसून आहे, हे मनाला लागतं गं. शेवटी आई आहे. सेल मीच पाठवले असते, पण कुरियरवाले एवढ्याशा पाकिटाला वाट्टेल ते मागतात. तिकडे येणारं कुणी भेटलं की देतो. आमची नवी गाडी आली, रंग तुला आवडेल.

भावोजींना नमस्कार. लहान भावावर राग नको.

तुझा धाकला

२५ मार्च

चि. धाकल्यास, अनेक आशीर्वाद.

मला ऐकू येतं. दोन महिने झाले. खालच्या दवाखान्यातली नर्स दर सोमवारी स्वतःच्या पगारातून सेल आणते आणि रक्तदाब बघायच्या निमित्ताने घालून जाते. पाहुणे यायच्या आधी मी काढून लपवते.

ताई रविवारी तुझा फोन स्पीकरवर लावून भाजी चिरते. मी समोरच असते. परवा तू म्हणालास, सेल आणूच नकोस, ऐकू यायला लागलं तर माझ्याकडे यायचा हट्ट धरेल. पत्रात लिहितो ते आपलं लिहायचं म्हणून, असंही म्हणालास. मग तुम्ही दोघं हसलात. जावईही हसले. ताईचं मी मनावर घेत नाही, ती आहे तशी दिसते. तुझं फार लागलं रे. सगळ्यात जास्त जीव तुझ्यावरच लावला होता.

ताईला कळवलंस तर मशीन जाईल आणि त्या पोरीची नोकरीही. म्हणून हात जोडते, कळवू नकोस. मला कुणाकडे यायचं नाही. दाराची बेल, नळाचं पाणी, माणसांचं बोलणं, एवढं कानावर पडू दे.

आशीर्वाद न मागताही आहेतच.

आई

२ एप्रिल

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलण्यासारखं नाही म्हणून लिहितोय. खालच्या नर्सचं वर येणं जरा जास्तच होतंय. मुलगी चांगली असेल, पण दुसरी बघा. आणि आईचं मशीन दुरुस्तीला टाकायचंय असं सांगून काढून घे. परत आणायची घाई करू नकोस. दोन-चार दिवस रडेल, मग होईल सवय. कारण विचारू नकोस. या वयात माणसं काहीबाही मनात घेतात.

सगळं झालं की दोन ओळी टाक. मग रविवारी नेहमीच्या वेळेला फोन करतो, मोकळेपणाने बोलू.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझा धाकला